मंगळवार लिहून आणा

"मॅडम, एकच सांगा. मुंबई सोडून पुण्याला जावं की नाही?"

हा प्रश्न वर्षातून आठ-दहा वेळा तरी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत, समोरच्या खुर्चीत येऊन बसतो. कधी कंपनीनं बदली देऊ केलेली असते. कधी मुंबईतला वन बीएचके विकून तिकडे टू बीएचके घ्यायचा आणि वर चार पैसे गाठीला राहतात, हे गणित कुणीतरी लग्नाच्या पंगतीत मांडलेलं असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे, मला माहीत नाही. लोक खट्टू होतात. फी भरून आलेल्या माणसाला हे ऐकायला आवडत नाहीच. पण शहर कुठलं हा प्रश्न मी सोडवू शकत नाही. तो प्रश्न घरात नेमका कुणाला अडतोय, एवढं मात्र कधीकधी सापडतं.

आता सांगते त्या जोडप्याच्या बाबतीत तेही मला उशिरा सापडलं. त्यांना विचारूनच लिहितेय. नावं आणि घरातले काही तपशील बदललेत.

अमेय अडतीसचा, शलाका छत्तीसची, मुलगी ओवी आठ वर्षांची आणि घरात अमेयची आई. मुलुंड पूर्वेला स्वतःचा वन बीएचके, कर्ज फिटलेलं. अमेय सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, ऑफिस मरोळला. म्हणजे आधी लोकल, मग घाटकोपरचा पूल, मग मेट्रो. "त्या पुलावर सकाळी माणूस चालत नाही मॅडम, सरकवला जातो," असं तो म्हणाला आणि हातानं करूनही दाखवलं. शलाका परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. अकरा वर्षं एकाच ठिकाणी. गेल्या वर्षी जानेवारीत अमेयच्या कंपनीनं त्याला हिंजवडीचं ऑफिस देऊ केलं आणि उत्तर द्यायला महिनाभराची मुदत दिली.

पहिल्याच भेटीला अमेय लॅपटॉप घेऊन आला. एक्सेलमध्ये तेवीस ओळी. हवा, भाडं, शाळा, प्रवास, आईची तब्येत, नातेवाईक, पाणी, प्रत्येकाला दहापैकी गुण. पुणे जिंकलं होतं. त्या तक्त्यात आईचं आजारपण आणि पावसाळ्यातला चिखल यांना सारखंच वजन होतं. पण त्याच्या मेहनतीकडे बघून मी त्या दिवशी ते बोलले नाही. शलाका शेजारी बसून पर्सच्या बंदाशी चाळा करत होती. तक्ता संपल्यावर म्हणाली, "मग जाऊ ना. मी कुठे नाही म्हणतेय?"

हे वाक्य ज्या सुरात आलं ना, त्या सुरातल्या "हो"वर घर हलवायचं नसतं.

दुसऱ्या खेपेला तिला एकटीला बोलावलं. तिनं कारणं दिली. ओवीची शाळा बदलेल. पण ओवीला विचारलं होतं म्हणे, आणि तिला स्वतःची खोली मिळणार का एवढंच जाणून घ्यायचं होतं. शाळेचा मुद्दा तिथेच बारगळला. मग नोकरी. पण पिंपरी-चिंचवडला लॅब टेक्निशियनला काम मिळतं, हे तिनंच चौकशी करून ठेवलं होतं. मग सासूबाई. तर सासूबाई सगळ्यात आधी तयार! त्यांची धाकटी बहीण सदाशिव पेठेत राहते. पुण्याला जायचं म्हणजे बहिणीच्या शेजारी जायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

इथे जरा थांबते, कारण ही गफलत मी पुष्कळ घरांत बघितली आहे. मुंबईकराच्या डोक्यातलं पुणं म्हणजे पेठा, डेक्कन, लक्ष्मी रोड, फार तर कोथरूड. प्रत्यक्षात तो जाऊन पडतो वाकडला नाहीतर पुनावळ्याला. वाकड पुणे महापालिकेत येतच नाही, ते पिंपरी-चिंचवडमध्ये. हिंजवडीला तर ग्रामपंचायत आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून नळाला दिवसाआड पाणी आहे. त्यामुळे सोसायटीत घर बघायला गेलात तर क्लब हाउस नंतर बघा, आधी वॉचमनला विचारा की टँकर दिवसाला किती येतात. वाकडहून सदाशिव पेठ म्हणजे आपल्याकडे मुलुंडहून दादर. फक्त मध्ये लोकल नाही.

तर शलाकाची कारणं एकेक करून गळत होती आणि तरी तिचा चेहरा उतरलेलाच. मी माझ्या वहीत लिहिलं, "मुंबईची ओढ? की सासूबाईंच्या माहेरच्यांची धास्ती?" दोन्ही साफ चूक. सतरा वर्षं हे काम करतेय, आणि एका लालबागच्या मुलीला मुंबई सोडवत नसणार, असं मी किती सहज ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या भेटीआधी दोघांना घरचा अभ्यास दिला. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर एक मंगळवार लिहायचा. एकदा मुंबईतला, एकदा पुण्यातला. पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत, तासातासाला, कोण कुठे आणि तिथवर कसा पोचला यासकट. रविवार मुद्दामच देत नाही. रविवारी सगळीच शहरं छान असतात, आणि सोमवारी सगळीच नकोशी.

अमेयनं फोनवर टाइप करून आणलं. शलाकानं ओवीच्या वहीतली दोन पानं फाडून आणली होती, दुहेरी रेघांची. मुंबईच्या पानावर भराभरा लिहिलेलं होतं. ४.५० उठणे. ५.४० ची स्लो. ६.३० परळ, चहा. ३.२० सुटी, दादरला उतरून भाजी, फुलं. ५ घर. ६ ओवीला क्लासला पोचवणे (चालत). ९.३० अमेय आला, जेवण.

पुण्याच्या पानावर अक्षर बारीक झालं होतं. ६.३० अमेय सोडेल. ३.१५ अमेयला जमलं तर घेईल, नाहीतर रिक्षा. ५ ओवीचा क्लास, अमेय किंवा रिक्षा. भाजी शनिवारी एकदम, अमेयबरोबर. आईंचं औषध संपलं तर, अमेय...

मी पेन्सिल घेऊन नुसते गोल केले. मुंबईच्या पानावर अमेय एकदा. पुण्याच्या पानावर सात वेळा.

कागद तिच्याकडे फिरवला. तिनं बराच वेळ बघितलं. मग अमेयकडे न बघता म्हणाली, "मला गाडी येत नाही."

"स्कूटी?" मी विचारलं.

"सायकलसुद्धा नाही. आमच्या चाळीत सायकल कुठे चालवणार होते? गॅलरीत?"

आणि मग सगळं बाहेर आलं. मुंबईत तिला हा प्रश्न कुणी कधी विचारलाच नव्हता. एकोणिसाव्या वर्षी पहिली नोकरी लागली तेव्हापासून तिच्याकडे महिन्याचा पास आहे. अडीचशे रुपयांच्या आतला तो कागद असला की रात्री साडेदहाला सेकंड शिफ्ट सुटली तरी तिला कुणाला सांगायची गरज पडत नाही. बायकांच्या डब्यात चढायचं, रात्री पोलीस नाहीतर होमगार्ड असतोच, मुलुंडला उतरून चालत घरी. तिच्या आईला मात्र लालबागहून दादरला जायचं तरी वडिलांकडे पैसे मागावे लागत. ते मागणं तिनं लहानपणी पुष्कळ ऐकलं होतं. पुण्याला अमेयच्या आतेबहिणीकडे गेलं की सगळ्या बायका तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडी काढतात, आणि ही मागे बसते. "अगं, आठ दिवसांत येतं," असं तिला प्रत्येक जण सांगतो. दोन वर्षांपूर्वी तिनं गुपचूप प्रयत्नही केला होता. आतेबहिणीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ओवीच्या देखत, गाडीसकट आडवी झाली. घरी सांगितलं, पायरीवरून पाय मुरगळला.

अमेय हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होता. ऐकून त्याला चक्क हायसं वाटलं. "एवढंच? अगं मग शीक ना! मी क्लास लावून देतो."

त्याला मी तिथेच थांबवलं. एरवी मी नवरा-बायकोच्या मध्ये इतकी पटकन पडत नाही. त्याला विचारलं, "आज इथून घरी जाताना तुम्हाला किती जणांना विचारावं लागेल?"

"कुणाला कशाला विचारू?"

"तुमच्या पुण्याच्या मंगळवारात त्यांना सात वेळा विचारावं लागणार आहे. आणि तुम्हीही त्या सातही वेळा मोकळे असायला हवं. कामाच्या वेळेत, हिंजवडीतून."

त्यानं तो कागद घेतला. गोल पुन्हा मोजले, बोट ठेवून. टेस्टिंगवाला माणूस, आकडा तपासल्याशिवाय मानणार नाही. नंतर त्याच्या स्वतःच्या पुण्याच्या मंगळवारात बघितलं. तिथे तीन वाजता मीटिंग होती, सहापर्यंत. शलाकाला घ्यायला जाणं त्यानं कुठेच लिहिलं नव्हतं.

त्यानंतरचं काम सोपं नव्हतं, पण सरळ होतं. जायचं का याऐवजी, शलाकाला पायी आणि सार्वजनिक गाडीनं जगता येईल अशी जागा तिकडे आहे का, हे आम्ही नकाशावर शोधायला लागलो. वाकड बाद झालं. हिंजवडीची मेट्रो तेव्हा सुरू झालेली नव्हती, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. नजर चिंचवड स्टेशनच्या आसपास स्थिरावली. तिथून लोणावळा-पुणे लोकल जाते. पिंपरीहून मेट्रो आहे, ती सप्टेंबर २०२४ पासून थेट स्वारगेटपर्यंत. सिंहगड एक्स्प्रेस चिंचवडला थांबते, म्हणजे माहेरी यायला पुणे स्टेशन गाठायला नको. अडचण एकच होती. तिथून हिंजवडी बारा-तेरा किलोमीटर, आणि ते अमेयला रोज बाइकनं कापावे लागणार होते. वाकडहून तो प्रवास निम्म्याहून कमी झाला असता.

त्यानं दोन दिवस घेतले. मुंबई सोडायची ती प्रवासाला कंटाळून, आणि तिकडे जाऊन पुन्हा प्रवासच, हे त्याला गिळवत नव्हतं. मी समजूत घातली नाही. घर बदललं की कुणाच्या तरी वाट्याला लांबचा रस्ता येतोच. या घरात इतके दिवस तो न बोलता शलाकाच्या वाट्याला टाकला जात होता, एवढंच मी म्हटलं.

फेब्रुवारीत दोघांनी पाच दिवस रजा काढली, सोमवार ते शुक्रवार, आणि चिंचवडला भाड्याची खोली घेऊन राहिले. ही अट माझी होती. शनिवार-रविवार जाऊन, मिसळ खाऊन, सॅम्पल फ्लॅट बघून आलेल्या लोकांचे निर्णय मी नंतर दुरुस्त करत बसते. अमेयनं ऑफिसच्या वेळेत हिंजवडीला जाऊन-येऊन बघितलं. येताना पहिल्या दिवशी एक तास दहा मिनिटं. शलाका रोज एकटी बाहेर पडली. अॅपवरच्या रिक्षा दोनदा कॅन्सल झाल्या, पीएमपीची बस एकदा चुकली, शेअर रिक्षा कुठून सुटते ते तिसऱ्या दिवशी कळलं. एका लॅबमध्ये बोलणंही झालं. पगार परळपेक्षा चार हजारांनी कमी, पण स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. हे तिनं मला मिनिटांसकट सांगितलं.

पैशांचं फार लांबवत नाही. मुलुंडचं घर विकायचं नाही यावर मात्र मी हट्ट धरला, आणि तो हट्ट मी सगळ्यांकडेच धरते. मुंबईतलं घर एकदा विकलं की पुन्हा त्याच वस्तीत शिरणं नोकरदाराला जवळजवळ अशक्य होतं. मुलुंडचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर दिला, चिंचवडचा अकरा महिन्यांच्या करारावर घेतला. दोन्ही भाडी साधारण सारखीच निघाली. पंगतीतल्या गणितात जे चार पैसे गाठीला राहणार होते, त्यातले बरेचसे शाळेच्या नव्या प्रवेशात आणि सामान हलवण्यात गेले.

आणखी एक सांगायला हवं. त्याच वर्षी दुसरे एक गृहस्थ माझा सल्ला धुडकावून तडकाफडकी पुण्याला गेले. भावाशी जागेवरून भांडण होतं, एका छपराखाली राहायचं नव्हतं. दीडशे किलोमीटरवर गेले आणि आता रोज रात्री फोनवर भांडतात. पूर्वी निदान जेवायच्या वेळी गप्प बसायचे.

अमेय-शलाका मे महिन्यात गेले. सासूबाई मजेत आहेत. महिन्यातून दोनदा मेट्रोनं मंडईला उतरतात, पुढे रिक्षानं बहिणीकडे. आधी अमेय मंडईपर्यंत सोडायला जायचा, आता त्याच नको म्हणतात. ओवीला खोली मिळाली आणि आठवड्यात तिला तिथे एकटीला झोपायची भीती वाटायला लागली, ती आजीजवळच झोपते. शलाका गाडी शिकली का, हे मला सगळे विचारतात. नाही शिकली. शिकायची तिला गरज वाटत नाही, आणि मलाही.

कुरकुरायला लागलाय तो अमेय. हिंजवडीचा रस्ता त्याला पावसाळ्यात नको नको झाला. घाटकोपरच्या पुलावर निदान छप्पर होतं, असं तो म्हणतो. मुलुंडच्या भाडेकरूचा करार एप्रिलमध्ये संपतोय. वाढवायचा की परत यायचं, की त्याच्यासाठी वाकडच्या बाजूला सरकायचं, यावर घरात दोन महिने धुसफूस चालू आहे. शलाकाचं म्हणणं, अजून अकरा महिने बघू.

पुढच्या शनिवारी साडेअकराला येतायत. या वेळी फोन तिनं केला होता. अमेयला तिनं मंगळवार लिहायला बसवलंय म्हणाली, आणि ती स्वतः तीन लिहिणार आहे, वाकडचासुद्धा.