काटा मध्यावर, तरी चेहरे काळे
वाचकांचे प्रश्न : फिल्म कॅमेरा

प्रश्न : जुना पेंटॅक्स के-१००० घेतला आहे. वारीत दोन निगेटिव्ह रोल काढले. दर वेळी कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा मध्यावर आणूनच शटर दाबलं, तरी वारकऱ्यांचे चेहरे काळवंडलेत आणि सावलीत नुसता ग्रेन (दाणेदारपणा) दिसतो. मीटर बिघडला असेल का? (सासवड)

उत्तर : बहुधा नाही. समोर पांढरा सदरा आहे की काळी घोंगडी, हे मीटरला कळत नाही. चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढून ती मध्यम राखाडी उतरेल असं एक्स्पोजर (फिल्मला मिळणारा उजेड) तो सुचवतो, एवढंच. टोप्या, धोतरं आणि वर ढगाळ आकाश यांनी चौकट भरली, की 'उजेड फार आहे' असं समजून तो तुम्हाला कमी एक्स्पोजर द्यायला लावतो. मग टोपीखालच्या चेहऱ्याला काहीच उरत नाही. लॅबमध्ये स्कॅन उजळ केलं जातं, त्यामुळे सदरे पांढरे दिसतात. पण निगेटिव्हवर न उमटलेला तपशील येणार कुठून? निगेटिव्ह खिडकीसमोर धरा. चेहऱ्याची जागा जवळजवळ पारदर्शक असेल, तर हेच झालं आहे.

पुढच्या वेळी तळहातावर मोजा. ज्याचा फोटो काढायचा त्याच्यावर पडतो तोच उजेड तळहातावर घ्या. हात चौकट भरेल इतका जवळ धरा. तो फोकसमध्ये नसला तरी चालतो, कॅमेऱ्याची सावली मात्र पडू देऊ नका. काटा मध्यावर आणा आणि ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड येईल इतकं, उघडा : एफ/११ आलं तर एफ/८. तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून ही भर. आता उजेड बदलेपर्यंत काट्याकडे पाहायचं नाही, तो कुठेही जावो. सवय लागायला हेच सगळ्यात जड जातं!

सूर्य माणसाच्या पाठीमागे असेल आणि हाताशी मोजायला वेळ नसेल, तर मीटर सांगेल त्यापेक्षा दीड ते दोन स्टॉप जास्त द्या. काळ्या पाषाणाच्या मूर्तीने चौकट भरली, तर उलट एक स्टॉप कमी. शंका आली तर निगेटिव्हला थोडं जास्तच द्यावं. स्लाइड फिल्मला (जिच्यावर उलटं नाही, थेट सुलट चित्र उमटतं) हा नियम लावू नका, तिथे उजळ भाग पार उडून जातो.

प्रश्न : मिनोल्टा एसआरटी-१०१ मध्ये अल्कलाइन सेल घातला. मीटर चालतो, पण रीडिंग चुकतं. (नाशिक)

उत्तर : तो मीटर १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलसाठी बनवला होता, आणि तो सेल आता मिळत नाही. अल्कलाइन नवा असताना १.५ व्होल्ट देतो. काटा उजेड जास्त दाखवतो आणि फिल्मला कमी मिळतो. आयएसओची (फिल्मच्या संवेदनशीलतेची) तबकडी फिरवून चूक भरून काढता येईल असं वाटतं, पण अल्कलाइनचा व्होल्टेज वापरासोबत उतरत जातो आणि चूकही बदलत राहते. मेडिकलमध्ये मिळणारा श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घ्या. तो व्यासाने लहान असतो, म्हणून भोवती रबरी कडं बसवा, मात्र सेलची हवेची भोकं बुजवू नका. स्टिकर काढल्यावर काही मिनिटं थांबून मगच आत घाला. एकदा स्टिकर निघाला की कॅमेरा वापरा न वापरा, काही आठवड्यांनी सेल संपतो. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकला हा त्रास फारसा नाही, कारण त्याचं सर्किट व्होल्टेजच्या फरकाने सहसा हलत नाही. के-१००० साध्या १.५ व्होल्टच्या सेलवर चालतो. त्याला मीटरचा स्विच नाही, तेव्हा काम झालं की लेन्सवर झाकण लावा.

प्रश्न : मीटर बरोबर आहे हे घरी कसं तपासू? (कोल्हापूर)

उत्तर : निरभ्र दुपारी आयएसओ १००, शटर १/१२५, ॲपर्चर एफ/१६ लावा आणि सूर्य पाठीशी घेऊन उन्हातल्या हिरव्या गवताने चौकट भरा. काटा मध्याच्या अर्ध्या स्टॉपच्या आत यायला हवा. मग एकसारख्या रंगाच्या भिंतीवर, सावलीत, खात्रीच्या दुसऱ्या कॅमेऱ्याशी ताडून पाहा. तुमचा मीटर उन्हात आणि सावलीत सारखाच एक स्टॉप कमी एक्स्पोजर सुचवत असेल, तर आयएसओ २०० ची फिल्म १०० वर लावून काम भागतं. उन्हात बरोबर आणि सावलीत चूक असेल, तर ते दुरुस्तीवाल्याचं काम आहे. ट्रायपॉडवर तपासत असाल तर डोळा लावायची खिडकी हाताने झाका. मागून शिरलेला उजेडही मीटर मोजतो.