खाकरून न सुटणारा कफ

“घशात सतत कफ अडकल्यासारखा वाटतो, थुंकायला गेले तर काही पडत नाही, हा कॅन्सर तर नसेल ना?” असे विचारणारे बरेच जण समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतात. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील एका शिक्षिकेच्या या प्रश्नामागे वडिलांचे अन्ननलिकेच्या कर्करोगाने झालेले निधन होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकावाटे दुर्बीण घालून तपासणी केली होती. स्वरयंत्राच्या मागे थोडी लाली सोडता काही आढळले नव्हते आणि जठरातील आम्ल वर येत असल्याने औषध सुरू होते. तरीही बाई दिवसभर खाकरत आणि रोज सकाळी आरशासमोर टॉर्च धरून घसा न्याहाळत.

अशी तपासणी आधी झालेली असावी, असा माझा आग्रह असतो. गिळताना अडकणे, थुंकीत रक्त, मानेत गाठ, कारणाशिवाय घटणारे वजन किंवा ३ आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज असेल, तर समुपदेशकाकडे नव्हे, आधी डॉक्टरांकडेच जावे. तंबाखू, मिसरी किंवा विडी-सिगारेटची सवय असलेल्यांनी तर मुळीच चालढकल करू नये.

नाक आणि सायनसच्या अस्तरातून दिवसाला सुमारे १ लिटर स्राव तयार होतो आणि तो आपण नकळत गिळत असतो, हे बाईंना ठाऊक नव्हते. जोराने खाकरले की स्वरतंतू एकमेकांवर आदळतात, तिथला नाजूक पडदा सुजतो, त्या जागेच्या रक्षणासाठी आणखी स्राव येतो आणि पुन्हा खाकरावेसे वाटते. वडिलांच्या आजारपणाविषयी बोलताना त्या दर वाक्याआधी खाकरत होत्या. सहावीच्या वर्गाविषयी मात्र बराच वेळ भरभरून बोलल्या आणि एकदाही खाकरल्या नाहीत. हे मी दाखवून दिले तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “अहो मॅडम, म्हणजे मी घसा नाही, भीती साफ करतेय.”

खाकरावेसे वाटले की कोमट पाण्याचा घोट घ्यायचा, हनुवटी किंचित खाली करून तो सावकाश गिळायचा. पाणी नसेल तर नुसता आवंढा गिळायचा, असे आम्ही ठरवले. यजमान दुकान बंद करून येईपर्यंत त्या जेवायला थांबत आणि जेवून लगेच आडव्या होत. आता त्या सासूबाईंबरोबर आठला जेवू लागल्या. झोपण्याआधी ३ तास पोट रिकामे ठेवणे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू ६ ते ८ इंच उंच करणे, या डॉक्टरांच्या सूचना त्यांना तेव्हा कुठे पाळता आल्या. रविवारचा तांबडा रस्सा दुपारवर आला. कफ वाढेल म्हणून सोडलेले गंगावेशीतील कट्ट्यावरचे दूध मात्र पुन्हा सुरू झाले, कारण दूध लाळेत मिसळून घशाशी दाटसर वाटते, पण त्याने कफ जास्त तयार होत नाही. आरशातली पाहणी आधी आठवड्यातून एकदा आणि मग बंद, हे त्यांना सर्वांत जड गेले. मला विचाराल तर आराम पडायला त्याचाच उपयोग जास्त झाला.

परीक्षांच्या दिवसांत घसा अजूनही भरून येतो, मात्र त्या हातातले काम सोडून आरशाकडे धावत नाहीत. तज्ज्ञांनी सांगितलेली पुढची तपासणी चुकवायची नाही, हे आम्ही आधीच ठरवून ठेवले आहे.