तीन एलईडी वॉलवरचा व्हिडिओ पुढे-मागे का होतो?

अमळनेरच्या लग्नात तीन वॉल, तीन लॅपटॉप, तिघांनी एकदम 'प्ले' दाबलं, तरी तासाभरात नवरदेवाचा घोडा एका वॉलवर पुढे नि दुसऱ्यावर मागे. हाच प्रश्न ना?

भाऊ, यात बोटांचा दोष थोडाच. प्रत्येक लॅपटॉपचं घड्याळ आपल्या चालीने चालतं. दोघांत दहा लाखांत ५० इतका फरक धरला, तरी तासाला १८० मिलिसेकंद होतात. सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे २५ स्थिर चित्रांच्या, व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे साडेचार फ्रेम. पाहुण्यांना दिसणारच!

एकच मशीन, एकच ग्राफिक्स कार्ड, तीन आउटपुट घ्या. तिन्ही चित्रं जोडून ५७६० बाय १०८० पिक्सेलची एकच रुंद फाइल करा, रेझोल्यूमसारख्या व्हिडिओ चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे पाडून वॉलना द्या. फाइलच एक, तर मागे राहणार कोण? मात्र फाइल एच.२६४ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या नेहमीच्या पद्धतीत, नको; बऱ्याच कार्डांचं हार्डवेअर ४०९६ पिक्सेल रुंदीपुढे ते उलगडत नाही. ग्राफिक्स कार्डावर झटपट उलगडणारी हॅप कोडेक ही पद्धत वापरा. फाइल अवाढव्य होते, एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, हवीच.

तिन्हींवर एकच चित्र असेल तर एवढा खटाटोप कशाला, एकच सिग्नल तिघांना वाटणारा साधा एचडीएमआय स्प्लिटर पुरे.

तिन्ही आउटपुटचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो आकडा, सारखा ठेवा. वॉलला चित्र पुरवणारे प्रोसेसरही एकाच मॉडेलचे मागवा, नाहीतर त्यांचा उशीर वेगवेगळा पडतो. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात मशीन मंडपाच्या पत्र्याखाली ठेवू नका. तापलं की फ्रेम गाळायला लागतं. कूलर आधी त्याला, मग व्याह्यांना.