सांगलीत एका घरी रुग्ण सांभाळते. आजोबा अंग पुसताना नको तिथे हात लावतात, घाणेरडं बोलतात. काय करू?

हात तिथल्या तिथे बाजूला करा, "आजोबा, हे चालणार नाही" एवढंच ठणकावून सांगा आणि त्याच दिवशी घरच्यांच्या कानावर घाला. हसण्यावारी नेऊ नका. मी मिरजेत वॉर्डवर सिस्टर आहे, नव्या मुलींना हेच शिकवते. अंग पुसताना समोर नको, बाजूला उभ्या राहा. ओला नॅपकिन त्यांच्याच हातात द्या, तोंड-छाती त्यांना पुसू द्या. हात गुंतलेले राहतात. घरातलं कोणीतरी खोलीत हवंच. तारीख-वेळ वहीत लिहा, कामाला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून आला असाल तर तिथेही कळवा.

मात्र सरळ माणूस एकदोन दिवसांत अचानक असा वागू लागला, तर लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं किंवा नवी गोळी हेही कारण असू शकतं. स्मृतिभ्रंशातही ताबा सुटतो. तिथे आधी डॉक्टर. आजार आहे म्हणून तुम्ही सोसायचं, असं मात्र नाही. घरच्यांनी "म्हातारं माणूस, घ्या सांभाळून" म्हणत टोलवलं (बहुतेक तेच म्हणतात) तर पगार हातात घेऊन काम सोडा. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरसुद्धा कामाची जागा धरली आहे. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे 3 महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते.