म्हातारी बोलली तेच लिही

अगं, तुझा मेल दोनदा वाचला. पाऊसपाणी आणि जंगल कसं बदललं हे म्हाताऱ्या बायकांना विचारत वीस रेकॉर्डिंग झालीत, अकोले तालुक्यातली डोंगराकडची पाच गावं फिरून झालीत, आणि तू लिहितेस हाती काहीच लागलं नाही, आज्या विषय सोडून बोलतात, ॲपने टाईप करून दिलेलं निम्मं चुकतंय आणि सर म्हणतात सगळं प्रमाण मराठीत नीट करून तक्त्यात भर. ते नीट करू नकोस. म्हातारी जे बोलली तेच लिही, तसंच लिही. बाकी काय करायचं ते नंतर.

तू विचारलंयस, एका आजींच्या बोलण्यातलं "म्हाताऱ्याचा पाऊस" हे कुठल्या म्हाताऱ्याबद्दल आहे, ते वाक्य गाळू का. गाळतेस कसली! पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तो तरणा आणि पुष्य नक्षत्राचा तो म्हातारा, साधारण ५-६ जुलैपासून ऑगस्ट लागेपर्यंत हे दोघं एकामागून एक येतात. त्या आजी सांगतायत की पूर्वी तरण्यातच आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकायची आणि आता म्हातारा निघून जायची वेळ आली तरी राबातली रोपं उपटण्याजोगी होत नाहीत. पाऊसपाणी कसं बदललं हेच तुला हवं होतं ना, ते त्यांनी एका वाक्यात दिलं, आणि तुझ्या तक्त्यात त्याचं "जुलैमधील पाऊस" झालं की संपलं, दोन पावसांचा एक झाला आणि लावणी पंधरा दिवस पुढे सरकली ते दिसेनासं झालं.

तसंच वाघाचं. आजी वाघ म्हणतात तिथे तू कंसात बिबट्या लिहिलंयस. कंस काढ. तिकडे वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात, त्यांच्या बोलण्यातला वाघ हा जनावर पण आहे आणि देव पण, तुझ्या बिबट्यात त्यातलं अर्धंच येतं. तुला माहिती द्यायचीच असेल तर खाली वेगळी टीप दे, त्यांच्या वाक्यात हात घालू नकोस.

मी एवढी का चिडतेय ते सांगते. ९४-९५ साली मी त्याच भागात कॅसेट रेकॉर्डर घेऊन फिरत होते. ७२च्या दुष्काळाबद्दल विचारलं की सगळीकडे तेच ऐकू यायचं, रेशनची लाल मिलो ज्वारी, वाटलेली सुकडी, खडी फोडायची कामं. एका म्हातारीने मात्र कडू कंदाचं सांगितलं. ते तसेच खाल्ले तर बाधतात, म्हणून राख घालून उकडायचे, मग वाहत्या पाण्यात ठेवायचे, पाणी किती वेळा बदलायचं, कोणत्या झाडाची राख चालते आणि कोणती नाही, असं तासभर बोलली असेल, मधे नणंदेच्या बाळंतपणाचं, मधे मेलेल्या बैलाचं. घरी येऊन मी वहीत लिहिलं, "दुष्काळात लोकांनी कंदमुळे खाऊन दिवस काढले." बस्स. आणि कॅसेटला पैसे नव्हते म्हणून त्याच कॅसेटवर पुढच्या गावाचं रेकॉर्डिंग केलं. ती वही आजही माझ्याकडे आहे, सुंदर अक्षरातली, आणि तिचा कुणालाही उपयोग नाही. कोणत्या झाडाची राख, ते मला आठवत नाही. तीस वर्षं झाली, आठवत नाही.

एवढं होऊनही मी शहाणी झाले नाही. वनहक्क कायद्याखाली गावं जंगलावरच्या हक्काचे दावे करत होती, तेव्हा एका गावाला मदत करत होते. त्या कायद्याच्या २००८च्या नियमांत १३वा नियम बघ, पुराव्यांच्या यादीत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा धरलाय. म्हणजे तू ज्याला विषय सोडून बोलणं म्हणतेस तो कायद्याने पुरावा आहे! मी सतरा जणांचे जबाब लिहिले आणि सगळ्यांत "आम्ही पूर्वापार या जंगलावर अवलंबून आहोत" असं छान वाक्य घातलं. दावे वाचणारा म्हणाला, हे तर एकाच माणसाचं बोलणं दिसतंय. राग आला, पण खरं होतं, ते माझंच बोलणं होतं. परत गेले, आणि यावेळी म्हातारे बोलले ते शब्दाला शब्द घेतलं. दुपारी गुरं बसायची तो उंबर, तिथून खाली ओहोळापर्यंत कुणाचा पाला, कोणत्या घराने कोणते हिरडे झोडायचे, कुणाची म्हैस कुठल्या कड्यावरून पडली. त्यातून हद्द आपोआप उभी राहिली.

त्यानंतर मी कुठल्याही फॉर्मसाठी कुणाचं बोलणं कापलं नाही. एका संस्थेशी यावरून भांडण झालं, त्यांना प्रत्येक गावाचे दोन पानी रिपोर्ट हवे होते, मी चाळीस पानी दिले, पुढचं काम मिळालं नाही. लोक म्हणतात मी हेकट आहे. असेन. पण त्या चाळीस पानांत आजही कुणी शोधलं तर सापडेल, आणि दोन पानांत सापडलं नसतं, हे मी कुणापुढेही म्हणायला तयार आहे.

तुझ्या सरांना तक्ता हवाय तर दे ना, तक्ता वेगळा कर. मूळ ऑडिओ तीन ठिकाणी ठेव, त्यावर काही एडिट करू नकोस, आणि ॲपने जिथे चुकीचं लिहिलंय ते गावातल्याच एखाद्या पोरीला शेजारी बसवून दुरुस्त कर, पुण्यात बसून अंदाजाने नको. न कळलेला शब्द कानाला आला तसा लिही. आजींनी मुलीच्या लग्नाचं सांगितलं तर तेही राहू दे, त्यांना सन आठवत नाहीत, थोरली झाली ते साल आणि गोठा जळला ते साल असंच त्यांचं कॅलेंडर असतं, ते कापलंस तर कोणतं झाड कधी गेलं हे कसं लावणार?

आणि एक काम माझं कर. कडू कंदाचं सांगणारी ती म्हातारी आता नाही, पण तिची सून त्याच गावात आहे, सत्तरीच्या पुढची. गाव कोणतं ते फोनवर सांगते. पावसाआधी जा, दोन दिवस राहा, रेकॉर्डर चालू ठेव आणि कडू कंदाचं विचार. राख कसली ते मुद्दाम विचार. ती जे म्हणेल ते तसंच मला पाठव.