गिझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, काय करावे?

गिझर आत्ताच बंद करा आणि आज वापरूच नका. बटण बंद करून भागत नाही. बोर्डावरचा त्याचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडा. ओल्या हाताने मात्र नको.

बहुतेक वेळा दोष हीटिंग एलिमेंटचा, म्हणजे आतल्या पाणी तापवणाऱ्या रॉडचा असतो. बोअरवेलच्या जड पाण्याने त्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही, एलिमेंट तापून त्याचं आवरण तडकतं आणि करंट पाण्यात उतरतो. पाणी तापायला जास्त वेळ लागणं, आतून कडकड आवाज येणं, ही त्याची आधीची लक्षणं. पण अर्थिंग ठीक असतं तर हा करंट जमिनीत गेला असता. म्हणून इलेक्ट्रिशियनला एलिमेंटबरोबर अर्थिंगही तपासायला सांगाच. नुसता एलिमेंट बदलून तो निघाला, तर खरा धोका घरातच राहिला.

एमसीबी असूनही तो का पडला नाही? तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. माणसाला वाचवते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. नसेल तर बसवून घ्या, आणि तिचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून पाहा.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून, म्हणजे टाकीतला जादा दाब सोडणाऱ्या झडपेतून, पाणी तापताना थोडं ठिबकतं, ते चालतं. तो कधीही बुजवू नका. सतत गळत असेल तर व्हॉल्व्ह बदला. टाकीच गळत असेल तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालवू नका, नवा गिझर घ्या.