पूर्व भागात जाण्याआधी

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तुझी पोस्टिंग सोलापूरच्या पूर्व भागातल्या आरोग्य केंद्रावर आहे, असं कळलं. आता वॉर्ड सुटला, दोन महिने आराम, असं इंटर्न मुलं म्हणतात. तसं समजून जाऊ नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र. पॅरालिसिस होऊन स्ट्रेचरवर आलेल्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायका तू मेडिसिनच्या वॉर्डात पाहिल्यास. त्यातल्या कितीजणींचा रक्तदाब त्याआधी कुणी मोजलाच नव्हता! तो मोजायचं काम आता तुझ्याकडे आलं आहे.

तिथल्या घराघरांत विडी वळतात. सकाळी बायका कारखान्यात माल देऊन येतात, घरचं उरकतात आणि दुपारी सूप मांडीवर घेऊन बसतात. तू जा दुपारीच. चार-पाच जणी एकत्र भेटतील. पण एक लक्षात ठेव, मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते. सूप बाजूला ठेवायला लावलंस की तिचं काम थांबतं. म्हणून तिची पाच मिनिटं नीट वापर. पाठ भिंतीला टेकवून बसव, मांडी घातली असेल तर पाय मोकळे करायला सांग, दंड छातीच्या उंचीवर येऊ दे, यंत्राचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, झंपराच्या बाहीवरून बांधू नकोस. नुकताच चहा झाला असेल किंवा दातांना मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावली असेल, तर अर्धा तास थांबून शेवटी तिच्याकडे ये. दोनदा मोज. एकदा 140/90 च्या वर आला म्हणून तिला लगेच बीपीची पेशंट ठरवू नकोस, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. घाईघाईत घेतलेलं रीडिंग मला वहीत नकोच आहे.

गोळी सुरू झाली की खरं काम सुरू होतं. 'आता बरं वाटतंय' म्हणून महिन्याभरात गोळी बंद होते. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही, हे तिला तिच्या सासूसमोर आणि नवऱ्यासमोर सांग, कारण गोळ्या आणायला पैसे कोण देतं ते तुला तिथं बसल्यावर कळेलच. केंद्रावर गोळ्या फुकट मिळतात, हेही सांग.

'मीठ कमी खा' एवढं सांगून कुणी ऐकत नाही. पुडा किती दिवस जातो ते विचार. माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ असावं, म्हणजे पाच मोठ्या माणसांच्या घरात किलोचा पुडा निदान 40 दिवस पुरला पाहिजे. तो वीस-पंचवीस दिवसांत संपत असेल, तर बाईच आपणहून हिशेब मांडते. मग शेंगाचटणी, पापड, लोणचं यातलं रोज काय लागतं, यावर बोलता येतं. चटणी बंद करा, असं मात्र सोलापुरात सांगू नकोस. मीठ निम्मं घालून कुटा म्हण.

तोंड तपासल्याशिवाय उठायचं नाही. 'तंबाखू खाता का?' विचारलंस तर बाया 'नाही' म्हणतील. 'मिश्री दिवसातून किती वेळा?' असं विचार. टॉर्च घे, गाल आतून बघ, जिभेखाली बघ. पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यातलं काहीही दिसलं तर चिठ्ठी देऊन सोडू नकोस, आशाताईंबरोबर, म्हणजे वस्तीतल्या आशा स्वयंसेविकेबरोबर, दंतविभागात पाठव. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी, साखर आणि तोंड तपासायचं हे सरकारी कार्यक्रमातच आहे. बायकांसाठी स्तनांची आणि गर्भाशयमुखाचीही तपासणी आहे. तिला संकोच वाटणार, तेव्हा सिस्टरांना बरोबर ने आणि तू मागे राहा.

आता पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी नाही. काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी पिंप, हौद, बादल्या भरलेल्या असतात. त्यात डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पिंपात अळ्या दिसल्या की 'पाणी ओतून टाका' असं तोंडात येतं. ते म्हणू नकोस. ज्या बाईनं रात्री जागून ते भरलं, ती ओतणार नाही आणि तिनं ओतूही नये. पाणी गाळून घ्यायला लाव, फडक्यात राहिलेल्या अळ्या कोरड्या मातीत झटकायच्या. पिंप रिकामं होतं ते पुढचं पाणी यायच्या आदल्या दिवशी, घासायचं तेव्हाच. काथ्यानं आतून, विशेषतः पाण्याची रेघ उमटते तिथं, कारण अंडी तिथंच चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. मग भरून वर कापड घट्ट बांधायचं. एका गल्लीत कुठल्या दिवशी पाणी येतं ते वहीत लिहून ठेव आणि आदल्या दिवशी त्या गल्लीत जा. पाण्याचं वेळापत्रक हेच तुझं वेळापत्रक.

यंत्रमागावरची माणसं दुपारी सापडणार नाहीत, पाळी सुटताना कारखान्याच्या दारात उभी राहा. मागांच्या आवाजानं ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं बोलणारा माणूस दिसला की त्याचे कान तपासायला पाठव. दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला असेल तर क्षयासाठी थुंकी तपासायची, हे सगळ्यांनाच लागू. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली काम करणाऱ्यांना पाण्याबरोबर ओआरएसची पाकिटं दे.

तिथल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, थोडं शिकून घे. आशाताई आठवड्यात बोलायला शिकवतील, त्यांना शिकवायला आवडतं. त्यांच्याशी अदबीनं वाग, गल्लीतलं कुणाचं काय चाललंय ते त्यांनाच ठाऊक असतं.

आणि सोमवारी निघण्याआधी विभागातून मोठ्या मापाचा कफ मागून घे. केंद्रावर लहान आणि मध्यम आहेत, जाड दंडाला ते आकडा वाढवून दाखवतात.

तुझी,
मॅडम